कूलरचा पंप आणि हिरवी तार

अकोल्याच्या जठारपेठेंत मे महिन्याच्या दुपारीं एक वाजल्यानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाहीं. दुकानांचे पडदे खालीं ओढलेले असतात, कुत्रीं ओल शोधून गटारीच्या कडेला पडलेलीं असतात, आणि बंद खिडक्यांच्या आडून घरोघर एकच जोडनाद ऐकूं येतो : कूलरच्या पंख्याची घरघर आणि तिच्याखालीं ताट्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याचा बारीक आवाज. यांपैकीं दुसरा आवाज थांबला तर तें प्रथम कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. पंखा फिरतच असतो. दहा-पंधरा मिनिटांनीं कोणीतरी कूस बदलतें, मानेवरचा घाम पुसतें, आणि माजघरांतून आजीबाई म्हणतात, "अगं सूनबाई, हवा गरम येऊन राहिली आहे बघ."

कूलरचा पंप गेलेला असतो.

असेंच एक घर डोळ्यांपुढें आणावें. यजमान नोकरीनिमित्त पुण्यास. घरांत वृद्ध सासूबाई, शाळेला सुटी असल्यामुळें घरीं असलेली शिक्षिका सून आणि बारा वर्षांचा नातू. अशा वेळीं मिस्त्रीला बोलावणें धाडावें तर तो "संध्याकाळीं येतों" असें सांगतो, आणि ती संध्याकाळ कोणत्या दिवसाची हें त्याचें त्यालाही ठाऊक नसतें. त्यांत त्याचा दोष नाहीं. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत साऱ्या शहराचे कूलर एकदम आजारी पडतात, आणि वैद्य मोजकेच.

वऱ्हाडाबाहेरील माणसास हा प्रसंग किरकोळ वाटेल. परंतु येथील ऊन हें नुसतें गैरसोयीचें ऊन नव्हे. २०२४ सालच्या मे महिन्यांत अकोल्याचें तपमान ४५ अंशांच्या पलीकडे गेलें, तेव्हां जिल्हाधिकाऱ्यांनीं ३१ मेपर्यंत १४४ वें कलम लागू केलें होतें. दंगलीच्या वेळीं काढावयाचें हत्यार उन्हावर उगारण्याची पाळी आली, यावरून त्या उन्हाची प्रत समजावी. सत्तरी उलटलेल्या शरीरास अशा दुपारीं घाम येऊन निवण्याची शक्ति कमी असते. म्हणून त्या घरच्या सूनबाईंनीं मिस्त्रीची वाट न पाहतां पंप स्वतः बदलावयाचें ठरविलें, तें योग्यच झालें.

कूलरची करामत सारी पाण्याच्या वाफेंत आहे. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता ओढून घेतें. एक लिटर पाणी असें उडून जातांना जी उष्णता नेतें ती विजेच्या हिशेबांत मांडली तर सुमारें दोनतृतीयांश युनिट भरते. ४४ अंशांची आणि शेंकडा १५ आर्द्रतेची हवा ओल्या ताटींतून गेली तर ती फार तर २३ अंशांपर्यंत उतरूं शकते. चांगला कूलर तिला २८ अंशांच्या आसपास आणून सोडतो. पंप बंद पडला कीं ताट्या पाहतां पाहतां वाळतात, आणि तोच पंखा ४४ अंशांची झळ निजलेल्या माणसाच्या अंगावर फेकूं लागतो. पंखा दीड-दोन हात रुंद, पंप मुठीएवढा, अठरा-वीस वॉटचा. पण थंडावा पंपाचा आहे, पंख्याचा नव्हे.

या पंपाचें काम पूर्वीं माणूस करीत असे. वाळ्याच्या ताट्या भिजवून खोली थंड ठेवण्याची रीत मोगलांच्या दरबारीं होती. आईने-अकबरींत तिचा उल्लेख आहे. पुढें इंग्रजी अंमलांत साहेबांच्या बंगल्यांना अशा ताट्या लागल्या आणि त्यांवर दिवसभर पाणी मारणारा नोकर बाहेर उन्हांत उभा राहिला. आंत गारवा आणि बाहेर तो. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतांत १९३० नंतरच्या दशकांत लाकडाच्या बारीक काड्यांच्या गाद्या, पंखा आणि पाणी खेळविणारा पंप एका पेटाऱ्यांत बसवून हीच युक्ति घरोघर गेली. विदर्भांतील पत्र्याचा कूलर याच कुळांतला.

या पत्र्याच्या कूलरचा एक गुण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तो कोणा एका कारखान्याच्या गुपितावर उभा नाहीं. पेटारा गांवांतल्या कारागिराचा, मोटर एकीकडची, पंखा दुसरीकडचा, पंप तिसरीकडचा, ताट्या गल्लींतल्या दुकानांतल्या. आणि यांतला प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो. ग्राहकास आपली वस्तु दुरुस्त करतां यावी, सुटे भाग व माहिती मिळावी, यासाठीं फ्रान्सनें २०२१ च्या जानेवारीपासून कांहीं यंत्रांवर दुरुस्तीच्या सोयीचे गुण छापणें सक्तीचें केलें. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें याच हेतूनें समिति नेमली. जठारपेठेंतल्या गॅलरींत टांगलेला पेटारा ही परीक्षा केव्हांच पास झाला आहे. त्याला पाहून नाकें मुरडणारे पुष्कळ आहेत. पण बंद पडल्यावर दहा घटकांच्या आंत पुन्हा उभें राहणारें असें दुसरें यंत्र घरांत सांपडणें कठीण.

नवा पंप आणण्यापूर्वीं जुना खरोखरच मेला आहे काय, हें पाहणें अगत्याचें. सूनबाईंनीं प्रथम बटण बंद केलें, आणि मग खटक्यावर विसंबून न राहतां प्लगच भिंतींतून उपसून काढला. हा फरक मोठा आहे. पुष्कळ जुन्या घरांत बटण चुकून उलट्या तारेवर बसविलेलें असतें. तेथें बटण बंद केल्यावर यंत्र थांबतें, पण वीज यंत्रापर्यंत येऊन उभीच राहते. नंतर त्यांनीं बाजूची ताटी उतरवली. टाकींत पाणी होतें. नळी कोठें दुमडलेली नव्हती. ताट्यांच्या माथ्यावरील पन्हळीचीं छिद्रें मात्र पांढऱ्या खरपुडीनें निम्मीं बुजलीं होतीं.

ही खरपुडी अकोल्याच्या पाण्याची. शहराच्या उत्तरेस पूर्णेच्या दोन्ही तीरांवर खारपाणपट्टा पसरला आहे, आणि त्या भागांतील विहिरींच्या पाण्यांत मीठ अधिक. काटेपूर्णेच्या धरणावरून नळाला येणारें पाणी गोडें. पण तें जपून वापरावयाचें, म्हणून कूलरला पुष्कळ ठिकाणीं बोअरचेंच पाणी जातें. वाफ होऊन उडतें तें निव्वळ पाणी. त्यांतलें मीठ मागें राहतें. लिटरमागें एकच ग्रॅम क्षार आहेत असें धरलें आणि दिवसाला चाळीस लिटर पाणी उडालें असें मानलें, तर ऐंशी दिवसांत तीन किलोंहून अधिक क्षार टाकींत, ताट्यांत व पंपांत सांचतात. टाकींत पाणी नुसतें वरून भरीत राहणें म्हणजे मिठागर चालविणें होय. आठवड्यांतून एकदां टाकी पूर्ण रिकामी करून घांसली तर हें मीठ निघतें, आणि डेंग्यूच्या डासांचीं अंडीं-अळ्याही त्याबरोबर जातात.

पंप बाहेर काढून त्याची जाळी उघडली. आंत एक लहान चुंबक आणि त्याला जोडलेलीं प्लास्टिकचीं पातीं असतात. तारेचें वेटोळें मात्र राळेंत कायमचें बंद केलेलें असतें. पंप गुणगुणतो पण पाणी चढवीत नाहीं, तर पातीं अडकलीं असें समजावें. केस, ताटीची काडी किंवा क्षार यांचाच तो अडथळा. लिंबाच्या रसांत किंवा व्हिनेगरांत तासभर ठेवून ब्रशानें घांसलें तर असा पंप पुष्कळदां जिवंत होतो. या घरचा पंप सकाळपासून मुळींच गुणगुणला नव्हता, आणि त्याची राळ एका बाजूनें तडकून काळी पडली होती. आदल्या रात्रीं टाकीचें पाणी संपूनही तो चालूच राहिला असावा. पंपाला थंड ठेवतें तें भोंवतालचें पाणी; तें गेलें कीं तो स्वतःच्याच उष्णतेनें जळतो. वेटोळें जळल्यावर उपाय नाहीं.

संध्याकाळीं टिळक रस्त्यावरून नवा पंप आला. खोक्यावर वॉट, व्होल्ट आणि पाणी किती फूट चढेल हे आंकडे असतात. टाकीच्या तळापासून वरच्या पन्हळीपर्यंतची उंची मोजून त्याहून फूट-दीड फूट अधिक चढविणारा पंप घ्यावा, एवढेंच त्यांत पाहावयाचें. नातू पेचकस आणि पक्कड घेऊन शेजारीं बसला. जुन्या पंपाची तार कूलरच्या पाठीमागच्या डबींत जेथें जोडली होती तेथून सोडविली. नव्या पंपाच्या दोन तारा त्याच जागीं पेचांखालीं घट्ट बसविल्या. नळी चढवली, पंप टाकीच्या तळाशीं चिकटवला. तार डबींत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोल दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी डबींत न शिरतां झोलाच्या टोकाशीं गळून पडतें. जोड टाकीच्या आंत, पाण्यालगत, चिकटपट्टी गुंडाळून करण्याची जी घाई पुष्कळ ठिकाणीं होते, ती येथें झाली नाहीं. सारें काम वीस मिनिटांचें. ज्याला उशीचा अभ्रा शिवतां येतो त्याला हें यावें.

पण त्या डबींत आणखी एक वस्तु सांपडली. मोठ्या तारेंतून तीन तारा आंत आल्या होत्या : एक लाल, एक काळी आणि एक हिरवी. लाल आणि काळी आपापल्या पेचांखालीं होत्या. हिरवी कोणीतरी कधींतरी आंखूड कापून, तिच्या टोकाला चिकटपट्टी लावून, कोपऱ्यांत दुमडून ठेवली होती. दुसऱ्या टोकाला पाहिलें तों प्लगही दोन दांड्यांचा. कापणारा कोण आणि कधींचा, हें घरांत कोणालाच सांगतां येईना. त्याच पत्र्याच्या पेटाऱ्यांत त्या घरचा मुलगा रोज सकाळीं, अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून नळीनें पाणी भरीत असे.

विजेच्या तारांत ही हिरवी तार, म्हणजे अर्थिंगची तार, फार विलक्षण आहे. लाल तार तुटली तर यंत्र बंद पडतें. काळी तुटली तरी बंद पडतें. हिरवी तुटली, कापली, मुळींच लावली नाहीं, तरी कूलर तितकाच गार वारा देतो. कामाच्या दिवशीं तिचें कांहीं काम नसतें. म्हणून ती नसल्याचें कोणाला कळत नाहीं. मिस्त्री घाईंत असला तर ती सोडतो, प्लग मोडला तर दोन दांड्यांचा हाताशीं असतो, तारेचे पैसे वांचवावयाचे तर दोन पदरी तार स्वस्त पडते. आणि हा अपराध वर्षानुवर्षें पचतो.

एके दिवशीं पंपाच्या किंवा मोटरच्या तारेवरचें रबर उन्हानें तडकतें व आंतलें तांबें पत्र्याला टेकतें. त्या क्षणापासून सबंध पेटारा विजेचा झाला. बाहेरून त्यांत काडीचा फरक दिसत नाहीं. वारा तोच, पाण्याचा नाद तोच. ओल्या पायांनीं जो प्रथम हात लावील त्याच्या शरीरांतून ती वीज जमिनींत जाते. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या दाबानें त्यांतून पाव अँपिअरच्या आंतबाहेर प्रवाह वाहील. साठ वॉटचा एक दिवा जळण्यास सुमारें तितकाच लागतो. घरच्या फळीवरील फ्यूज किंवा एम.सी.बी. सहा-दहा अँपिअरच्या पुढें हालचाल करणारा. त्याच्या दृष्टीनें घरांत आणखी एक दिवा लागला, इतकेंच. इकडे याच्या सहावा-सातवा हिस्सा प्रवाह छातींतून कांहीं सेकंद वाहिला तरी हृदयाची लय बिघडूं शकते. उन्हाळ्यांत विदर्भांतील वृत्तपत्रांत कूलरचा धक्का लागून मृत्यु आल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांतील माणूस पुष्कळदां पाणी भरणारी बाई किंवा खेळतां खेळतां जाळीला हात लावणारें मूल असतें, तें यामुळेंच.

हिरवी तार पत्र्याला जोडलेली असती तर तीच वीज माणसाची वाट न पाहतां त्या सोप्या मार्गानें जमिनींत धांवली असती. प्रवाह एकदम वाढून फळीवरचें बटण खाडकन् पडलें असतें. तीन दांड्यांच्या प्लगांतील वरची दांडी इतर दोहोंहून जाड आणि लांब ठेवलेली असते ती उगीच नव्हे. प्लग घालतांना ती सर्वांच्या आधीं लागते, काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटते.

आठ वाजले. नवा पंप बसला होता, टाकी भरलेली होती, खोली भट्टीसारखी तापली होती. आजीबाई म्हणाल्या, "झालं ना गं? मग लाव ना आतां."

"आई, आज नको," सूनबाई म्हणाल्या. "ही तार जोडल्याशिवाय मी लावणार नाहीं."

"इतकीं वर्षें चाललाच कीं तो."

या युक्तिवादाला उत्तर देणें फार अवघड असतें, कारण तो खरा असतो. सूनबाईंनीं उत्तर दिलें नाहीं. हिरव्या तारेचें टोक सोलून, पत्रा रंग खरवडून स्वच्छ करून, पेच व वायसर घालून तें त्यांनीं पेटाऱ्याच्या अंगाला घट्ट आवळलें. दोन दांड्यांचा प्लग काढून तीन दांड्यांचा लावला. येथपर्यंतचें काम घरचें. भिंतींतील तिसऱ्या छिद्रामागें खरोखर जमीन आहे कीं नुसतेंच छिद्र आहे, हें पाहणें मात्र घरच्यांचें काम नव्हे; तें परवानाधारक वायरमनचें. ही सीमा ज्याला ओळखतां येत नाहीं त्यानें पेचकस हातीं घेऊं नये.

ती रात्र जुन्या रीतीनें गेली. ट्रंकेंतला वाळ्याचा पडदा खिडकीला टांगला, खालीं परात ठेवली, आणि नातू अर्ध्या-अर्ध्या तासानें तांब्यानें त्यावर पाणी मारीत बसला. अकरा वाजेपर्यंत त्याला त्यांत मौज वाटली. त्यानंतर तांब्या आईच्या हातांत आला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वायरमन आला. त्यानें भिंतीच्या लाल बाजूपासून तिसऱ्या छिद्रापर्यंत दिवा लावून पाहिला. तो काजव्यासारखा मिणमिणला. ही कच्ची परीक्षा. खरें मोजमाप अर्थ-टेस्टर यंत्रानें करावें लागतें, आणि तें त्यानें नंतर केलेंही. दोष परसांतल्या खड्ड्यांत निघाला. अर्थिंगची नळी किंवा पत्रा जमिनींत पुरून भोंवतीं कोळसा व मीठ घालतात आणि माती ओली ठेवतात, कारण विजेला वाट देते ती ओल्या मातींतील ओल. वऱ्हाडची काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आंखडून हातहात भेगा पाडते. मग ती पुरलेल्या धातूपासून सुटून दूर होते. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर लागतो, नेमक्या त्याच महिन्यांत त्याची जमीन त्याला सोडून जाते. या खड्ड्यांत कित्येक वर्षांत कोणीं पाणी घातलें नव्हतें. त्याच्या तोंडावर तुळशीची कुंडी ठेवलेली होती, आणि कुंडीला मात्र रोज पाणी होतें.

खड्डा पुन्हां भरून भिजविल्यावर दिवा पूर्ण तेजानें लागला. वायरमनच्या सांगण्यावरून फळीवर तीस मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसविण्यांत आला. जाणारी आणि येणारी वीज समान आहे कीं नाहीं एवढेंच हें यंत्र पाहतें. वाटेंत कोठें तेवढी गळती झाली कीं सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आंत पुरवठा तोडतें. जमीन थोडी कोरडी पडली तरी तें आपलें काम करतें, ही त्याची थोरवी. त्यावरील चांचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें लागतें. तें काम नातवानें आपल्याकडे घेतलें. पंपाच्या दामापेक्षां हा खर्च बराच अधिक झाला. आजीबाईंनीं तो आंकडा दोनदां विचारून घेतला व नंतर त्याविषयीं कांहीं बोलल्या नाहींत.

दुपारीं बारा वाजतां कूलर लावला. प्रथम पंप एकटाच चालूं दिला, ताट्या वरपासून खालपर्यंत भिजल्या, आणि मग पंखा. पाण्याचा नाद परत आला. घरांत मात्र तेव्हांपासून एक नवा नियम आहे : पाणी भरावयाचें तर आधीं प्लग भिंतींतून बाहेर, पायांत चपला, आणि मगच नळी.

मृगाचा पाऊस पडला कीं हवेंतली ओल वाढते, पाण्याची वाफ होईनाशी होते आणि कूलरचें राज्य संपतें. तेव्हां सूनबाईंनीं पंप बाहेर काढला, लिंबानें धुतला, फडक्यांत गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यांत ठेवला. हिरव्या तारेच्या पेचाला गंज चढूं नये म्हणून त्यावर ग्रीसचें बोट फिरवलें, आणि परसांतली तुळशीची कुंडी दोन हात पलीकडे सरकविली.